भुरीच्या पोटातली दाढ

माझ्या आईला एक खोड आहे, ती रिकामी बसत नाही. मलाही एक खोड आहे, मी चिडते. या दोन खोडी एका अंगणात आल्या की काय होतं ते मी या फेब्रुवारीत पाहिलं.

मी पाच वर्षं एका प्राण्याच्या मागे लागले आहे. गावातल्या बायकांच्या मते एवढ्या वेळात दोन लेकरं झाली असती. त्यांचं गणित बरोबर आहे, पण माझा प्राणी मरून साधारण सहा कोटी साठ लाख वर्षं झालीत, त्यामुळे त्याला गाठायला जरा वेळ लागतो. अंगानं तो चिचुंद्रीएवढा होता. खाली जमिनीवर डायनोसॉर धुमाकूळ घालायचे तेव्हा हा झाडावर राहायचा, किडे खायचा, पिलांना दूध पाजायचा. कुणाच्या अध्यात नाही, मध्यात नाही. पुढे डायनोसॉर संपले आणि अशाच चिल्लर मंडळींच्या भाऊबंदांतून वाघ झाला, वटवाघूळ झालं, देवमासा झाला, आपण झालो. आमच्या जंगलात वाघ बघायला लोक मुंबई-पुण्याहून येतात, जिप्सीत उभे राहून फोटो काढतात. त्याच्या खापरपणज्याच्या पिढीतली ही मंडळी इथल्याच मातीत पडून आहेत, त्यांच्यासाठी कुणी जिप्सी काढत नाही. मी पायी जाते.

ती माती राजुऱ्याच्या पुढे, डोंगराच्या वाटेवरच्या एका नाल्यात आहे. तिथे काळ्या खडकाचे दोन जाड थर आणि मध्ये हातभर हिरवट मातीची पट्टी. पूर्वी तिथे लाव्हा आला, थंड झाला, त्यावर पाणी साचून तळं झालं, आणि काही हजार वर्षांनी पुन्हा लाव्हा आला. मधली पट्टी म्हणजे त्या तळ्याचा गाळ. एवढ्या लहान प्राण्याची हाडं सहसा टिकत नाहीत, दात टिकतात. एकेक दात मोहरीच्या दाण्याएवढा. पोतं पोतं माती आणायची, भिजवायची, बारीक चाळणीतून धुवायची, उरलेली रेती वाळवायची आणि मग कण कण निवडत बसायचं. पाच वर्षांत मला अशा तीन दाढा मिळाल्या. तिन्ही खालच्या जबड्याच्या.

आमच्या गाईड मॅडम शांत स्वभावाच्या आहेत आणि शांतपणेच माणसाला खड्ड्यात घालतात. जानेवारीत म्हणाल्या, "खालच्या तीन दाढांवर प्रबंध उभा राहत नाही, रश्मी. वरची दाढ आण. तिच्याशिवाय हा प्राणी आपल्या घराण्याच्या जवळचा, की आधीच वेगळ्या झालेल्या एखाद्या चुलत शाखेचा, हे सांगता येणार नाही." आपलं घराणं म्हणजे आईच्या पोटात वार धरून पिल्लू वाढवणाऱ्यांचं. प्रबंध द्यायची शेवटची तारीख एकतीस मार्च, आणि मुदतवाढ दोनदा घेऊन झाली होती. माझ्याकडे त्या मातीची नऊ पोती उरली होती. नाल्यातली पट्टी पावसात कोसळून बुजली होती, म्हणजे आणखी माती मिळणार नव्हती. त्या नऊ पोत्यांत वरची एक दाढ असली तर माझी पाच वर्षं कामी आली, नसली तर मी पुन्हा शून्यावर.

विद्यापीठात पाण्याची बोंब होती. मी पोती धानाच्या रिकाम्या ट्रकमध्ये टाकली, विभागातला एक जुना सूक्ष्मदर्शक सहीवर मागून घेतला आणि वडशाजवळच्या आमच्या गावी आले. घरी बोअरिंग आहे, अंगणात ऊन आहे, आणि आई आहे.

आई, म्हणजे बायनाबाई. वडशाच्या एका राईस मिलमध्ये तिनं वीस वर्षं तांदूळ निवडला. पन्नास बायका ओळीनं बसायच्या, समोर तांदळाचा ढीग, आणि प्रत्येकीचा उजवा हात नुसता चालायचा. खडा दिसला, उचलला, खांद्यावरून मागे फेकला. बघायचं नाही, थांबायचं नाही. बाबा गेल्यावर माझं शिक्षण त्या हातावर झालं. मग मिलमध्ये निवडणारी मशीन आली आणि पन्नास बायका घरी आल्या. आई त्याबद्दल कधी बोलली नाही. तिनं कोंबड्या पाळल्या.

पहिल्या दिवशी पोती बघून तिनं विचारलं, "हे काय आनलं व? वावरातली माती कमी पडून राह्यली का?"

मी तिला सूक्ष्मदर्शकाखाली माझी खालची दाढ दाखवली. एक डोळा मिटून ती बराच वेळ बघत राहिली.

"खड्डा हाये मधात," ती म्हणाली.

"तेच तर. ती उखळ. वरच्या दाढेला आतल्या बाजूनं एक उंच टोक असते, तोंड मिटलं का ते या उखळीत येऊन बसते. किडा मधात सापडला का त्याचा भुगा. आपल्या दाढांची सुरुवात इथूनच झाली."

"म्हंजे मुसळ."

"हो, मुसळ."

"मंग तुले उखळ सापडली अन् मुसळ नाई सापडलं, एवढंच ना?" आईनं डोळा उघडला. "एवढं सांगाले तुमच्या मॅडमले पाच वर्षं लागली?"

मी पाच वर्षं जे चाळीस पानांत लिहीत होते ते तिनं एका वाक्यात संपवलं. मला रागही आला आणि तिचा पापाही घ्यावासा वाटला. मी घेतला नाही, आमच्याकडे तसली पद्धत नाही. तिनंच माझ्या डोक्यावर टपली मारली आणि पोत्याचं तोंड सोडायला लागली.

चाळणी मुश्ताकचाचांनी करून दिली. वडशाच्या बाजारात त्यांचं चाळण्यांचं दुकान आहे. धानाच्या, रव्याच्या, बेसनाच्या, मिलच्या, सगळ्या चाळण्या ते हातानं ठोकतात. अर्ध्या मिलिमीटरची जाळी मागितल्यावर त्यांनी मला चष्म्यावरून न्याहाळलं. "बेटा, एवढी बारीक जाळी तं मी साखरवाल्यालेबी नाई देत. तुह्या जनावराचा दात हाये का खसखस?" पण दिली, आणि कडेला पितळी पट्टी मारून दिली, म्हणजे आईच्या हाताला कापू नये.

काम सुरू झालं. माती उन्हात कडक वाळवायची, रॉकेलमध्ये भिजवायची, रॉकेल निथळून वर पाणी घातलं की ती आपोआप फसफसून फुटते. मग चाळणीत धुवायची. मी धुवायचे, आई निवडायची. मी तिला बारीक ब्रश दिला होता, तो तिनं दोन दिवसांत चुलीमागे ठेवून दिला. "बोटाले कळते, ब्रशले नाई." बोटाचं टोक पाण्यात बुडवायचं, काळ्या थाळीतल्या रेतीवर टेकवायचं, नेमका कण बोटाला चिकटून वर येतो. तो डबीत ठेवायचा. पहिल्याच आठवड्यात तिनं माशांचे खवले, बेडकाची हाडं, मगरीच्या पिल्लाचे दात, सगळं वेगवेगळ्या डब्यांत लावलं. रेती सुपात घोळली की दात जड म्हणून एका कोपऱ्यात जमतात, हेही तिनंच शोधलं. विद्यापीठात आम्ही त्यासाठी विषारी आणि महागडं द्रावण वापरतो. मी सुपाची गोष्ट मॅडमना फोनवर सांगितली तेव्हा त्या पहिल्यांदा हसल्या.

एक गोष्ट मी पहिल्या दिवशी आईला बजावली होती. "मिलमध्ये उचललेलं फेकायचं असायचं. इथी उचललेलं ठेवायचं. उरलं ते फेकायचं. उलटं हाये."

"समजली ना बाई मले. लहान लेकरू हाव का मी?"

आठ पोती झाली. दाढ नाही. माझा आवाज चढायला लागला, जेवण कमी झालं. आई माझ्या ताटात भाजी वाढत राहिली. नवव्या पोत्याचा गाळ मी दोन वेळा धुतला.

त्या दिवशी चार वाजले असतील. मी बोअरिंगवर होते. आई अंगणात थाळी घेऊन बसली होती आणि भुरी तिच्या मागे पायानं माती उकरत होती. भुरी म्हणजे आईची लाडकी कोंबडी. तिची सात पिलं चार दिवसांची होती आणि ती जिथे जाईल तिथे वरातीसारखी मागे. तेवढ्यात रस्त्यावरून नाटकाची जीप आली. आमच्या झाडीपट्टीत नाटकाचा हंगाम संपत आला की या जीपचा भोंगा जास्तच ओरडतो. "आज रात्री, आज रात्री, शेवटचा प्रयोग!" आईला नाटकाचं वेड. तिनं मान वळवली. मी ते पाहिलं आणि मनात म्हटलं, बिचारी तीन आठवडे बसून आहे, आज तिला नाटकाला न्यावं.

जीप गेली. आईनं मला हाक मारली. आवाज विचित्र होता.

"रश्मी, इकडे ये. माह्या हातून चूक झाली."

मी ओल्या हातानं गेले. आई आपल्या उजव्या हाताकडे बघत होती, जणू तो दुसऱ्याच कुणाचा आहे.

"सापडली होती," ती म्हणाली. "तीन टोकं. तिकोनी. तू चित्रात दाखवली होती तशीच. बोटाले आली. अन् मी जीपीकडे पाह्यलं, अन् हातानं... फेकली."

"कुठी फेकली?"

तिनं खांद्यावरून मागे बोट दाखवलं. मागे भुरी उभी होती.

"पडली तशीच तिनं टिपली. मी पाह्यलं."

कोंबडी ही डायनोसॉरच्याच घराण्यातली, हे आता शास्त्रानं मान्य केलं आहे. एवढी वर्षं माझा प्राणी त्यांच्या तावडीतून सुटून राहिला आणि शेवटी आमच्या अंगणात त्यांनी त्याला गाठलं. आज हे आठवून मला हसू येतं. तेव्हा आलं नाही. मुसळ केरात म्हणतात, आमचं मुसळ कोंबडीच्या पोटात.

मी चिडले की पुस्तकी मराठी बोलते. आईला ते मारापेक्षा जास्त लागतं, हे मला ठाऊक आहे, तरी बोलते. मी म्हणाले, "एक साधी गोष्ट सांगितली होती. उचललेलं ठेवायचं. तेवढंही तुला जमू नये? म्हणूनच त्या मिलवाल्यांनी मशीन आणली. मशीननं अशी चूक केली नसती."

आईनं थाळी बाजूला ठेवली. तिनं सांगितलं नसतं तर मला कधीच कळलं नसतं, हे त्या क्षणी माझ्या ध्यानातसुद्धा आलं नाही. नवव्या पोत्यात काही नव्हतं असं म्हणून ती गप्प बसू शकली असती.

ती घरात गेली आणि विळा घेऊन आली.

"पिलं हाकल," ती म्हणाली. आवाजात काही नव्हतं. "मी कापते तिले. पोट फाडून पाहू."

मी तेच सांगणार होते, कबूल करते. कोंबडीला दात नसतात. ती खडे गिळते आणि पोटातल्या थैलीत त्या खड्यांनी दाणे दळते. त्या दळणात माझी दाढ जितका वेळ राहील तितकी झिजणार होती. शास्त्राच्या हिशेबानं भुरी तिथल्या तिथे कापायला हवी होती. आईनं तिचे पंख धरले. सात पिलं चिवचिवाट करत आईच्या पायांभोवती जमली, दोन तर तिच्या लुगड्याखाली शिरली. त्यांना वाटलं असेल, हाही एक मोठा पंखच आहे.

माझ्या प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात एक वाक्य आहे. हे प्राणी तगले कारण ते लहान होते, लपून राहिले आणि त्यांनी पिलांना जवळ धरलं. ते वाक्य मला फार आवडायचं, त्यासाठी मी तीन संदर्भ दिलेत. भुरीला दूध नाही, दात नाहीत, आमच्या घराण्याशी तिचा तसा जवळचा संबंध नाही. पण पिलांना जवळ धरणं तिला कुणी शिकवलं नव्हतं.

"राहू दे," मी म्हणाले.

"काऊन? तुहं काम मोठं का कोंबडी मोठी?"

"राहू दे म्हटलं ना. बारीक खडा पोटात थांबत नाही. खाली उतरते. वाट पाहू."

आईनं विळा खाली ठेवला. ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "हे मात्र खरं बोलली. कोंबडी साफ करतानी मी पाह्यलं हाये, पोटात मोठे खडे राह्यतात, बारके निघून जातात." मग तिनं भुरीला पिलांसकट मोठ्या डालीखाली झाकलं आणि खाली टिनाचा पत्रा सरकवला. बांबूची डाली, फटी मोठ्या, हवा येते. भुरीनं आतून जो शिव्यांचा पट्टा सोडला तो आमच्या दोघींनाही लागू होता. नाटकाला कुणीच गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुश्ताकचाचा आले. आईनं निरोप पाठवून त्यांच्याकडून जरा मोठ्या जाळीची आणखी एक चाळणी मागवली होती. म्हणजे रात्री ती झोपायच्या आधीच सगळा विचार करून बसली होती. "जय भीम, बायनाबाई," म्हणत ते आत आले, डालीकडे पाहिलं, पत्र्याकडे पाहिलं, आणि ऐकल्यावर इतके हसले की त्यांना चष्मा काढावा लागला.

"चाळीस वर्षं चाळन्या बनवून राह्यलो," ते म्हणाले, "पन कोंबडीची शिट चाळाची चाळनी आज पह्यल्यांदा विकून राह्यलो."

आई पाणी आणायला आत गेली. मी त्यांना म्हणाले, "चाचा, मी तिले लय बोलली काल. मशीनवरून."

त्यांचं हसणं थांबलं. "मशीनवरून?"

मी सांगितलं. त्यांनी चष्मा पुन्हा चढवला.

"तुले मालूम नाई ना. कशी मालूम राहील, तू हॉस्टेलले होती. मशीन आली त्या दिवशी सेठनं सगळ्यांले पेढे वाटले. मी चाळन्या बसवाले गेलतो. तुह्या मायनं मशीनमधून निघालेला तांदूळ एक थाळी घेतला, सेठच्या टेबलावर ओतला, अन् त्याच्यातून सात खडे काढून त्याच्यासमोर ठेवले. एक शब्द नाई बोलली. पेढा बी नाई खाल्ला. घरी गेली. सेठ मंग मले म्हने, मशीन चुकते कधी कधी, पन मशीन सात खडे टेबलावर नाई ठेवत."

आई पाणी घेऊन आली. मला तिच्याकडे बघवेना. पाच वर्षं मी एका प्राण्याच्या तीन दाढांवरून तो काय खात होता, कुठे राहत होता, हे ओळखायचं शिकले. माझ्या घरात जिचा हात धरून मी चालायला शिकले, तिच्या त्या हातानं काय केलं ते मला चाळणीवाल्याकडून कळलं. मला स्वतःची लाज वाटली, आणि तिचा अभिमान वाटला.

चाचा गेल्यावर मी तिच्याजवळ जाऊन बसले. "आई, माहं चुकलं."

"दाढ सापडू दे," ती म्हणाली. "मंग बोल."

त्यानंतरचे दिवस मी विसरणार नाही. आई उजाडताच डालीजवळ पाट टाकून बसायची. भुरीनं शिट टाकली की पटकन डाली तिरपी करून ती काढून घ्यायची, कारण नाहीतर भुरी त्यातलेच खडे पुन्हा टिपायची, आणि आमचं काम देवळाच्या प्रदक्षिणेसारखं फिरत राहिलं असतं. ती पाण्यात कालवायची, आधी मोठ्या चाळणीतून, मग पितळी पट्टीच्या चाळणीतून. उरलेले खडे थाळीत. भुरीला ती मुद्दाम कोंडा आणि भिजवलेला भात द्यायची, वर बारीक रेती. "नवीन आत गेलं का जुनं बाहेर येते," हे तिचं शास्त्र. मी पुस्तकात शोधलं, चूक काही सापडली नाही.

दुपारी निवडता निवडता ती प्रश्न विचारायची.

"तुह्या जनावराले किती पिलं होत असन?"

"माहीत नाही. दातावरून कळत नाही."

"थानं किती?"

"तेही नाही कळत."

"मंग काय कळते?"

"त्याला दुधाचे दात असतील, एवढं म्हणता येते. पिल्लू आधी आईच्या दुधावर राह्यते, म्हणून त्याले जन्मल्यावर लगेच दात लागत नाहीत. मंग दुधाचे येतात, पडतात, मंग पक्के. मगरीले जन्मभर दात येत जात राह्यतात. आपल्याले दोनदाच. दूध होतं म्हणून."

आईचा हात थांबला. "तुहा पह्यला दात मी छपराच्या कवेलूवर फेकला होता. उंदरानं न्यावा म्हनून. तू रडली होती, माहा दात परत दे म्हने." ती हसली. "म्हंजे हे फेकाचं काम मी तवापासूनच करून राह्यली."

त्या संध्याकाळनंतर ती पहिल्यांदाच हसली. मीही हसले. भुरी आतून ओरडली.

पहिला दिवस गेला, दुसरा, तिसरा, चौथा. थाळीत गारगोट्या, विटेचे कण, एक मणी, माझ्या हरवलेल्या पैंजणाचं घुंगरू. मणी भुरीनं कुठून आणला देव जाणे. दाढ नाही. मंगळवारी सकाळच्या गाडीनं मला नागपूरला परतायचं होतं, सूक्ष्मदर्शक जमा करायचा होता. मी मनाशी वाक्य रचायला लागले होते: वरची दाढ उपलब्ध नसल्यामुळे या प्राण्याचं स्थान निश्चित करता येत नाही. मॅडम हे वाचून शांतपणे पान उलटतील, हेही मला दिसत होतं. आईला मी काही सांगितलं नाही. तिला कळलं होतं. तिनं माझी बॅग भरायला घेतली नाही, एरवी ती दोन दिवस आधीच भरते.

सोमवारी दहाच्या सुमारास मी घरात कागद आवरत होते.

"रश्मी."

तोच विचित्र आवाज. मी धावत बाहेर आले. आई थाळीसमोर बसली होती आणि दोन्ही हात तिनं मांड्यांखाली दाबून ठेवले होते.

"मी हात नाई लावत," ती म्हणाली. "तू पाह्य. त्या लाल खड्याच्या बाजूले."

मी भिंग डोळ्याला लावलं. ओल्या काळ्या थाळीत, विटेच्या एका लाल कणाशेजारी, तपकिरी, चकचकीत, तिकोनी. बाहेरच्या दोन टोकांपैकी एक भुरीनं दळून बोथट केलं होतं. आतलं टोक शाबूत होतं. उंच, जाड, थोडं पुढे झुकलेलं. उखळीत बसावं असं. मी तीनदा पाहिलं. मोजायचं बाकी होतं, लिहायचं बाकी होतं, तरी मला कळलं. हा आपल्याच घराण्याच्या अंगणातला होता, निदान शेजारच्या घरातला तरी.

"मुसळ हाये?" आईनं विचारलं.

मी मान हलवली.

"उचल मंग. डबीत ठेव."

"तू उचल."

"नाई व. फेकीन मी. हात माहा ऐकत नाई." हे म्हणताना तिचे डोळे भरले. तिला मी रडताना पाहिलं नव्हतं, बाबा गेले तेव्हाही नाही. "तू बोलली ते खरं हाये."

"खोटं होतं ते," मी म्हणाले. "त्याच हातानं सात खडे टेबलावर ठेवले होते. मले माहीत हाये आता. तूच उचल. मी मनगट धरते."

मी तिच्या मागे बसले आणि दोन्ही हातांनी तिचं उजवं मनगट धरलं. ते सुकलेल्या काडीसारखं होतं. तिनं बोट पाण्यात बुडवलं. थाळीवर नेलं. लाल कणाला न शिवता नेमकं टेकवलं. दाढ बोटाला चिकटून वर आली. तिचा हात एकदा खांद्याकडे वळायला लागला, मला मनगटात ते कळलं, आणि मी आणखी घट्ट धरायच्या आत तो आपला आपणच थांबला. मग हळूहळू डबीकडे गेला. आत कापूस होता. तिनं बोट कापसाला पुसलं, पुन्हा पुसलं, बोटाकडे नीट पाहून खात्री केली. मी झाकण लावलं.

मी तिचं मनगट सोडलं. आईनं मोठा श्वास घेतला, आणि तिचा रिकामा हात सवयीनं खांद्यावरून मागे उडाला.

मी उठून डाली उचलली. भुरी धावत आली, मागे सात पिलं. तिनं माती उकरली, इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं. तिला काही सापडलं नाही.